नव्या मशीनला जुनी सवय

हसाल तुम्ही, पण आठवडाभर मला धड झोप नव्हती. पुलांची गणितं करणारा माझा जुना प्रोग्राम नव्या संगणकावर चढवला, तर शेवटचे दशांश वेगळेच आले. म्हणजे आयुष्यभर मीच चुकत होतो की काय? शेवटी ट्रॅफिकमधून रखडत संगणक कंपनीचं हिंजवडीतलं ऑफिस गाठलं.

तिथली इंजिनिअर मुलगी म्हणाली, "काका, तुमचं गणित बरोबर आहे. जुनं मशीन आकडे आपल्या मनानं राउंड करायचं, नवं नियमानं करतं."

"मग नवं उत्तर धरा."

"छे हो! जुन्या रिपोर्टांशी जुळायला हवं ना. आत्ताच नव्याला जुन्यासारखं चुकायला शिकवलंय मी."

घरी येऊन बायकोला सांगितलं. भाजी निवडत ती म्हणाली, "या घरात आले तेव्हा सासूबाईंनी मलाही तेच शिकवलं होतं."