लाल फुलीची पट्टी

मुलगी : पाचव्यांदा उघडताय हा डबा. या खेपेला निदान सगळे स्क्रू परत लावा. मागच्या वेळी दोन टेबलावरच राहिले होते.

मेकॅनिक : ते जादाचे होते, ताई.

मुलगी : तुमचं सगळं जादाचंच. आधी म्हणालात धूळ. धूळ काढली. मग पंखा बदलला, मग पॉवर सप्लाय. मग म्हणालात सगळं पुसून विंडोज नव्यानं टाकू, तेही टाकलं. आणि काल दुपारी पुन्हा निळा पडदा. एका सर्जननं पाऊण तास बोलून रेकॉर्ड केलेला ऑपरेशनचा रिपोर्ट टाइप करत होते मी. सेव्ह करायच्या आत गेलं सगळं.

वडील : आणि याला विचारलं की म्हणतो, विजेचा दाब कमीजास्त होत असेल. विजेवर ढकललं की हात झटकायला मोकळा.

मेकॅनिक : काका, आज मला कुणी बोलावलेलं नाही. मी माझ्या पायानं आलोय. काल तुम्ही दुकानात येऊन चार गिऱ्हाइकांसमोर म्हणालात, हा माणूस जुने भाग घालतो आणि नवे म्हणून सांगतो. शेजारचा स्टेशनरीवाला दारात उभा राहून ऐकत होता. सकाळी दोघांनी आपले लॅपटॉप न उघडताच परत नेले. बारा वर्षं आहे मी त्या गल्लीत.

मुलगी : बाबा तरी काय चुकीचं बोलले? तीन आठवडे झाले. सुपरवायझरबाईंचा सकाळी फोन होता. बाई तशा सभ्य आहेत, आवाज चढवत नाहीत. म्हणाल्या, हॉस्पिटलला तुझ्या कॉम्प्युटरशी देणंघेणं नाही, आज सहापर्यंत सगळे रिपोर्ट आले नाहीत तर तुझं काम दुसरीला देते. सात वर्षं करतेय मी हे काम. आता तीन वाजलेत.

मेकॅनिक : म्हणून म्हणतो, बोलण्यात वेळ घालवू नका. यात मेमरीच्या दोन पट्ट्या आहेत. एक काढतो, एकीवर चालवून बघतो. मग दुसरीवर.

मुलगी : हे पहिल्याच दिवशी का नाही सुचलं?

मेकॅनिक : कारण त्या मीच बसवल्या होत्या. सहा महिन्यांपूर्वी, पाकीट तुमच्यासमोर फोडून. माझ्या हातच्या म्हणून त्यांच्यावर संशयच घेतला नाही. पंखा साफ केला तेव्हासुद्धा तिकडे बघितलं नाही. ती चूक माझी, ती मी कबूल करतो.

वडील : आता ते कशाला उचकटतोस? आत्ता चालू आहे ना, तर चालू दे. तिला सहाला द्यायचंय. तुझी तपासणी उद्या कर.

मुलगी : थांबा बाबा, करू दे त्यांना. आज सोक्षमोक्ष लागू दे.

(पहिल्या पट्टीवर कॉम्प्युटर वीस मिनिटं बिनतक्रार चालतो. दुसरी एकटीच लावल्यावर दोन मिनिटांत पडदा निळा होतो.)

मेकॅनिक : ही बघा. ही खराब आहे.

मुलगी : म्हणजे तुमचीच पट्टी. आणि मी तीन आठवडे पंखे बदलत बसले.

मेकॅनिक : उजेडात धरू द्या जरा. ताई, ही माझी नाही. माझ्या मालावर दुकानाचं लेबल असतं, त्यावर तारीख लिहिलेली. त्या पहिल्या पट्टीवर आहे बघा. हिच्यावर लेबल नाही. हिच्या पाठीवर लाल मार्करची फुली आहे.

मुलगी : फुली कसली?

मेकॅनिक : मेमरी कामातून गेली की मी फुली मारतो. चुकून परत कुणाच्या मशीनमध्ये जाऊ नये म्हणून.

मुलगी : म्हणजे फुली तुमची, टाकून दिलेला माल तुमचा, आणि तो माझ्या कॉम्प्युटरमध्ये. बाबा, ऐकताय ना? स्वतःच्या तोंडानं सांगतायत.

मेकॅनिक : फुली मारून मी ती गिऱ्हाइकाच्या हातात परत दिली होती. गेल्या महिन्यात. म्हटलं, हिचा भरवसा नाही, दुसरी घ्या. बघतो म्हणाले आणि घेऊन गेले.

मुलगी : कोण गिऱ्हाईक?

मेकॅनिक : राहू द्या. मी माझी दुसरी आणलीय, ती बसवतो, तुम्ही कामाला लागा.

मुलगी : राहू कसं देऊ? काल तुम्हाला चोर म्हटलं ना आम्ही? मग नाव सांगा आणि सुटा.

मेकॅनिक : तुमचे दादा.

मुलगी : काहीतरीच काय. दादाला तर यातलं काही कळत नाही.

मेकॅनिक : पट्टी कशी काढायची, कशी लावायची, हे त्यांनी माझ्याकडूनच बघून घेतलं. दोन्हीकडच्या खिट्ट्या दाबायच्या आणि सरळ वर ओढायची. दोनदा करून बघितलं दुकानात.

मुलगी : दादा इथं आला होता का मधे? बाबा, तुम्हाला विचारतेय मी.

वडील : आला असेल. येतो तो अधूनमधून. त्याचंही घर आहे हे.

मुलगी : मी घरात नसताना?

वडील : तू कुठं नसतेस घरात? दिवसभर या डब्यापुढेच तर असतेस.

मुलगी : एकदा नव्हते. तुम्ही मला औषधं आणायला पाठवलंत, भर दुपारी. रोजच्या दुकानात जाऊ नकोस, चौकापलीकडच्या मोठ्या दुकानातच मिळतात म्हणालात. मी घेऊन आले आणि खणात ठेवायला गेले तर तीच दोन पाकिटं आधीच होती. मला हसू आलं. म्हटलं, बाबा आता विसरायला लागले.

वडील : तुला प्रत्येक गोष्ट उकरून काढायची सवय आहे.

मुलगी : त्याच दिवशी ना?

वडील : त्याला नवं काम लागलं होतं, घरून करायचं. पहिलाच महिना. त्याचा कॉम्प्युटर सारखा बंद पडतोय हे वर कळलं असतं तर काढून टाकला असता त्याला. म्हणाला, हिची एक पट्टी मी नेतो, माझी हिच्यात लावतो, दोन्ही सारख्याच असतात, हिचा फार तर थोडा हळू चालेल. महिन्याभरात नवी आणून लावतो म्हणाला. मला त्यातलं काय कळतंय?

मुलगी : पहिल्यांदा बंद पडला तेव्हा कळलं असेल.

वडील : तेव्हा हाच म्हणाला ना, धूळ आहे. मला वाटलं, धूळच असेल.

मुलगी : पंखा बदलूनही पडला तेव्हा?

वडील : अगं, मी त्याला दोनदा फोन केला. आणतो, आणतो म्हणायचा.

मुलगी : आणि काल दुकानात जाऊन यांना चोर म्हणालात तेव्हा?

वडील : तू याच्यावर इतकी खवळली होतीस. मला वाटलं, राग तिकडेच राहिलेला बरा.

मेकॅनिक : काका, माझी रोजीरोटी आहे हो ती.

वडील : तुला काय, तुझी दहा कामं असतात.

मुलगी : आणि मला? माझं हे एकच आहे. सकाळचा फोन तुमच्यासमोर घेतला मी. फोन ठेवून इथं बसून रडले. तुम्ही पाणी आणून दिलंत, पाठीवरून हात फिरवलात. तेव्हा तरी बोलायचं होतंत.

वडील : तुझं काम जाईल असं वाटलं नाही गं मला. तू निभावतेस. लहानपणापासून कशातूनही निभावून नेतेस तू. त्याला नाही जमत.

मुलगी : मला निभावता येतं, म्हणून माझं काढून घ्यायचं?

वडील : काढून घेतलं काय, घरातल्या घरातच तर गेलं.

मेकॅनिक : नवी पट्टी बसली, ताई. चालू करतो. आता चार वाजताहेत, दोन तास आहेत तुमच्या हातात.

मुलगी : काल मी खालच्या मजल्यावर तिघींना सांगितलं की तुम्ही फसवता. आज काम संपलं की त्यांच्या दारात जाऊन सांगते, मी चुकले. आणि उद्या सकाळी बाबांना घेऊन दुकानात येते. ते स्टेशनरीवाले किती वाजता उघडतात?

वडील : मी यायचा नाही. या वयात तिथं जाऊन नाक घासू का?

मेकॅनिक : नका आणू त्यांना. माझंही कामात लक्ष लागणार नाही. मी निघतो.

मुलगी : एक मिनिट. या डब्याला कुलूप लावता येतं का?

मेकॅनिक : येतं की. मागे कडी असते, बारीक कुलूप बसतं. पिशवीत आहे माझ्याकडे, लावून देऊ? दोन किल्ल्या असतात त्याला. एक तुमच्याकडे राहू द्या, एक घरात कुणाकडे तरी देऊन ठेवा. लोक तसंच करतात.

मुलगी : दोन्ही माझ्याकडेच द्या.