फोल्डरखालचा एक्स-रे

हे सांगताना अजून मान वर होत नाही, पण ऐका. धंतोलीतल्या ज्या एक्स-रे सेंटरमध्ये मी कामाला आहे, तिथं सगळे फोटो सर्व्हरवरच्या फोल्डरमध्ये जमा होतात. त्या दिवशी सर्व्हर उत्तरच देईना आणि आमचा लिनक्सचा कॉम्प्युटर अडकला. मी ते फोल्डर जबरदस्तीनं अनमाउंट केलं, म्हणजे तोडलं. कॉम्प्युटर चालू झाला, एका आजोबांच्या छातीचा फोटोही निघाला. मग सर्व्हर आला, मी फोल्डर परत जोडलं, आणि आजोबांचा फोटो गायब!

आजोबांना पुन्हा आत बोलावलं.

"काहून गा बापू, परत?"

नोकरी जाईल या भीतीनं मी ठोकून दिलं, "आजोबा, तुम्ही हालले होते."

"माफ कर गा. आता दमबी नाही घेत."

दुसरा फोटो झाल्यावर, सर्व्हरचं काय झालं ते बघायला सेंटरच्या आमच्या सरांनी फोल्डर पुन्हा तोडून पाहिलं. फोल्डर तुटलेलं असताना पहिला फोटो कॉम्प्युटरमधल्याच त्याच नावाच्या रिकाम्या फोल्डरमध्ये गेला होता आणि जोडलेल्या फोल्डरखाली झाकून पडला होता. एकदम साफ.

"मग दुसरा काहून काढला बे?" सरांनी विचारलं.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाहेर आजोबा सोबत आलेल्या आपल्या मुलीला सांगताना ऐकू आले, "मीच हाललो वं. त्या बिचाऱ्या पोराले माह्यामुळं तरास झाला."