डावीकडं वळताना

गाडीच्या आवाजाचं मला सांगू नका. बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या साली मी बैलजोडी विकून जुनी पिकअप घेतली. पोळा झाला आणि स्टेअरिंग डावीकडं वळवलं की खालून खण्ण आवाज यायला लागला. उजवीकडं मात्र काही नाही. एखाद्या दिवशी स्टेअरिंग हातात येईल आणि मी गाडीसकट प्रवरेत जाईन, अशी धास्ती बसली. शेवटी कोल्हारच्या रहीमभाई मिस्त्रींना घरी आणलं. ते गाडीखाली शिरले.

मी म्हणालो, "भाई, लई बिघाड हाय का?"

"बैलाची घंटी हाय," ते खालूनच म्हणाले. "चाकाच्या दांडीला बांधलीय. डावीकडं वळलं की पत्र्यावर आपटतीय."

आई ओट्यावर ज्वारी निवडत होती. "मीच बांधली पोळ्याला. बैल इकले, मग पूजा कुणाची करायची?"

रहीमभाईंनी पक्कड मागितली, तशी ती म्हणाली, "राहू द्या, भाई. हा रोज रानात चाललो म्हनून निघतो. रान उजवीकडं हाय, सासुरवाडी डावीकडं. घंटी वाजली की मी ह्याची भाकरी थापीतच न्हाई."