पाहुण्याची खुर्ची

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आमच्या उपग्रह केंद्रातील सहकारी बंधुभगिनींनो, आणि आज निवृत्त होऊनही अजून पाळी बदलायची वाट बघत असल्यासारखं घड्याळाकडे बघणाऱ्या आमच्या ताई,

अध्यक्ष महोदय, आपण मघापासून दोनदा विचारलंत, ही कडेची खुर्ची रिकामी का? शिपाईमामा ती उचलायलाही आले, तर ताईंनी हात आडवा धरला. काहींना वाटलं असेल, कुणीतरी रुसलंय. तसं नाही. आमच्याकडे तिला 'पाहुण्याची खुर्ची' म्हणतात.

ताईंचं काम काय होतं? थोडक्यात सांगायचं तर, नाही म्हणणं. उपग्रहाकडे लाइनी मोजक्या आणि मागणारे ढीगभर. कुणाचा फोन घ्यायचा, कुणाला थांबवायचं, हे ताईंनी बसवलेल्या नियमाने ठरायचं. म्हणून आम्ही त्यांना 'नाहीताई' म्हणायचो. तोंडावर नाही, एवढी अक्कल होती. आता उपग्रह सरकतो, तसा त्याचा झोतही, म्हणजे खालच्या ज्या पट्ट्यातले फोन तो जोडतो तो पट्टाही, सरकतो, आणि चालू बोलणं एका झोतातून दुसऱ्यात न्यावं लागतं. तिथे जागा नसली की ते अर्ध्यात तुटतं. ताई म्हणायच्या, "फोन लागला नाही तर माणूस वैतागतो. बोलता बोलता तुटला तर त्याचा जीव टांगणीला लागतो." म्हणून प्रत्येक झोतात एक लाइन रिकामी ठेवायची, पलीकडून बोलत येणाऱ्यासाठी. तीच पाहुण्याची खुर्ची. नवे इंजिनिअर हमखास ती रिकामी समजून कुणालातरी देऊन टाकतात आणि मग ताईंची बोलणी खातात.

ते मोठं वादळ आलं, त्या दुपारी मी ताईंच्या शेजारी बसलो होतो. समुद्रातलं प्रत्येक जहाज घरी फोन लावत होतं. ताईंचा धाकटा भाऊ त्यातल्याच एका जहाजावर स्वयंपाकी. इकडे त्यांची आई दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होती आणि भावजय उशाशी फोन घेऊन बसली होती. ताईंच्या जागी येणारा माणूस रस्त्यात पाणी भरल्यामुळे अडकलेला, त्यामुळे त्यांना उठता येईना. बुडत्या जहाजासाठी वेगळी लाइन असते हो. पण आई जातेय, हे संकट यंत्राच्या हिशोबात बसत नाही.

पडद्यावर भावाच्या जहाजाची मागणी येत होती, नाकारली जात होती, पुन्हा येत होती. एक लाइन रिकामी होती. मी म्हणालो, "ताई, द्या त्याला. कुणाला कळणार आहे?" त्यांचा हात बटणापर्यंत गेला. मग म्हणाल्या, "तिकडून कुणीतरी बोलत येतंय रे. त्याचं कसं तोडू?"

आणि खरंच कुणीतरी आलं. कोण होतं, काय बोलत होतं, ते आम्हाला कधीच कळत नाही. भावाला लाइन मिळाली तेव्हा भावजय नुसती रडत होती.

ताईंचं चुकलं का? हा प्रश्न घेऊन मी इतकी वर्षं फिरतोय. नियम बरोबर होता आणि आई मुलाशी न बोलता गेली. दोन्ही खरं आहे, आणि मला त्याचं काहीही करता येत नाही. भाऊ घरी आला, पण भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. त्याने एवढंच विचारलं, "ताई, तू तिथेच बसली होतीस ना?" ताई म्हणाल्या, "हो." त्यानंतर दोघांत बोलणं असं उरलं नाही.

आज ताईंनी भावाला बोलावलंय, आणि ते आलेत. ते काय, मागे दाराशी उभे आहेत. दादा, वर येता का? ही खुर्ची तुमचीच आहे.

मान हलवताहेत. नको म्हणताहेत. बरं, असू दे.

मंडळी, आनंदाच्या प्रसंगी मी हे काढायला नको होतं. तारतम्य सुटलं असेल तर पदरात घ्या. शांतपणे ऐकलंत, त्याबद्दल मनापासून आभारी आहे. फक्त शिपाईमामा, तुम्हाला एक विनंती. समारंभ संपला, दिवे मालवायला घेतले, तरी ही खुर्ची सगळ्यात शेवटी उचला. ते अजून दारातच आहेत, गेलेले नाहीत.