दुसऱ्या बाजूची फळी

(शेडमध्ये टेकूंवर चढवलेली शिडाची नौका. आतल्या खोलीत ताई आणि तिचा तपासनीस भाऊ मान वाकवून बसलेत. दाजी ताठ. नौका त्यांनीच बांधलीय, छत त्यांच्याच मापाचं आहे.)

तपासनीस : नौका नापास. खोल समुद्रात न्यायची परवानगी नाही.

ताई : अरे, आधी तपासायची असते ना?

तपासनीस : हो का? मग मी काही बोललोच नाही. नमस्कार दाजी, हा काय आत्ताच आलो.

दाजी : मेहुणे, दोन चहा झाले तुमचे.

तपासनीस : चहा वेगळा, तपासणी वेगळी. बूड?

दाजी : वाजवून बघा. खाली शिशाचं वजन एवढं टाकलंय की उलटली तरी आपोआप सुलटी होईल.

ताई : आणि आतला माणूस?

दाजी : तोही. नौकेबरोबर.

तपासनीस : सुकाणू मोडलं तर?

दाजी : दुसरं आहे.

तपासनीस : तेही मोडलं तर?

दाजी : तुमच्या ताईच्या इस्त्रीच्या टेबलाची फळी. चपखल बसते.

ताई : तरीच मी पलंगावर इस्त्री करतेय.

तपासनीस : ताई, नौका फारच चांगली आहे गं. फोनवर म्हणालीस नापास कर, पण करू कशावरून?

दाजी : मी इथेच बसलोय.

तपासनीस : तुम्ही ऐकलं नाही असं धरू.

दाजी : बरं, धरलं.

ताई : एकट्याने समुद्र ओलांडायचा, आणि बायकोला सांगायचं कधी, तर शिडं शिवून आल्यावर.

दाजी : त्याआधी दाखवण्यासारखं काही नव्हतं.

तपासनीस : झोपायची फळी एकच? उजवीकडे?

दाजी : माणूस एक, फळी एक. डावीकडे खाण्याचे डबे.

तपासनीस : सापडलं. वारा डावीकडून आला की नौका उजवीकडे कलणार, तुम्ही भिंतीला टेकून झोपणार. वारा उजवीकडून आला की तुम्ही थेट डब्यांत. आणि भर समुद्रात तो आठवडा आठवडा बाजू बदलत नाही.

दाजी : डब्यांना गोधडी गुंडाळतो.

तपासनीस : दोन्हीकडे फळी हवी. त्याशिवाय सही नाही.

ताई : केवढी लागेल रे दुसरी?

तपासनीस : माणूस मावेल एवढी.

ताई : माझ्या उंचीचा?

तपासनीस : आरामात.

ताई : घरात एक उशी जास्तीची आहे.

दाजी : दुसरी उशी कशाला? झोपणारा मीच. वारा फिरला की उशी उचलायची, पलीकडे जायचं.

तपासनीस : दाजी...

दाजी : काय? संध्याकाळपर्यंत ठोकतो फळी. मग पास ना?

तपासनीस : ताई, काय लिहू?

ताई : पास लिही. आणि खाली एक शेरा घाल, तुमच्या ऑफिसच्या भाषेत. अर्जदाराच्या पत्नीची नम्र विनंती की, सदर प्रवासात वारा कायम डावीकडूनच वाहील अशी व्यवस्था संबंधित समुद्राने करावी, जेणेकरून डावीकडची फळी रिकामी राहील.