टबाच्या तळाचं पाणी

डोळ्यांवर पट्टी बांधून दवाखान्यात बसलेल्या शिवणकामवाल्या काकूंना शेजारी बसलेले बाप आणि लेक दिसत नव्हते, पण कानांवर काही पट्टी नव्हती.

"बाबा, डोळ्याच्या ऑपरेशननंतर महिनाभर तुम्ही वाकायचं नाही. काल घातली तशी आईची अंघोळ आता माझ्याकडे."

"टबातलं पाणी कसं बघतेस?"

"बोट बुडवून. त्यात काय शिकायचंय?"

"तीस वर्षं प्रयोगशाळेत पाण्याच्या टाकीवर काढली मी. वर, मध्ये आणि तळाशी, तीनदा थर्मामीटर लावल्याशिवाय साहेब चाचणी सुरू करू द्यायचे नाहीत. ऊन पाणी वर राहतं, गार तळाशी बसतं."

"म्हणजे आता आईची चाचणी?"

"हसू नकोस. तिला बोलून सांगता येत नाही. कोपरापर्यंत हात घालायचा आणि तळापासून ढवळायचं. पहिल्या दिवशी मीही वरवरच बघितलं होतं. तिनं पायाची बोटं आवळून घेतली."



"बाबा, काल तिनं तशीच आवळली. मानही फिरवली. मला वाटलं, माझा हात नकोय तिला."

"वेडाबाई, पाय गारठले होते गं तिचे."