डोंगरापलीकडचे आम्ही

...आणि वर मलाच विचारतो हो, "पण तुम्ही मूळचे कुठले?" म्हणजे बघा! बावीस वर्षं नगरपालिकेच्या एकाच कचेरीत आम्ही दोघं, माझ्या टेबलापासून चौथं टेबल त्याचं, रोज दुपारी माझ्या डब्यातलं लोणचं बोटानं उचलून खातो, माझ्या थोरलीच्या लग्नात पंगतीत तीनदा भात मागून घेतला, आणि त्या दिवशी खिडकीपलीकडे बसून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेऊन, जन्मात पहिल्यांदा बघतोय असा माझ्याकडे बघत, "मूळचे कुठले?" मी म्हटलं, इथलाच. तर म्हणतो, "इथले असा रकाना नाही." आता यावर माणसानं काय बोलावं? माझं काही म्हणणं नाही! त्याची नोकरी आहे, त्यानं विचारावं. पण रकानाच नाही?

आता तुम्ही म्हणाल, कसला रकाना? तर त्याचं असं झालं... आमच्या शहरात दरवर्षी खाद्यमेळा भरतो. शहर कसं, की मोठं म्हणावं तर तीन चौकांत संपतं आणि लहान म्हणावं तर व्याह्यांकडे जायला दोन बस बदलाव्या लागतात. पण माणसं बारा ठिकाणांहून आलेली. बारा म्हणजे मोजून बारा, कारण मोठ्या साहेबांनी मैदानाचा रंगीत नकाशा छापून घेतलाय, त्यात बारा चौकोन आहेत. बेटावरचे, किनाऱ्यावरचे, नदीपलीकडचे, सरहद्दीकडचे, असे एकेक. प्रत्येकानं आपापला स्टॉल लावायचा, आपापले कपडे घालायचे, आपापलं खायला घालायचं, आणि साहेबांनी माईकवरून म्हणायचं, "विविधता हीच आपली ओळख!" टाळ्या.

माझं काही म्हणणं नाही! पण विविधता मला विचारा ना. मी पाण्याचे मीटर वाचतो. मीटर कुठे असतं? स्वयंपाकघराच्या मागे, मोरीच्या शेजारी. म्हणजे लोक एकमेकांची घरं पुढच्या दारानं बघतात आणि मी मागच्या. आणि तुम्हाला सांगतो, प्रत्येक मागच्या दारात एक बाई उभी असते, हाताला पीठ, आणि म्हणते, "आलाच आहात तर चाखून जा, आमच्यासारखं इथे कुणाला येत नाही." आणि चाखावं तर काय? पिठाच्या पारीत काहीतरी भरलेलं! बेटावरचे तळतात, नदीपलीकडचे उकडतात, सरहद्दीकडचे निखाऱ्यावर भाजतात, आणि प्रत्येक जण शपथेवर सांगतो की ही युक्ती जगात फक्त त्यांच्या आजीला सुचली. मी प्रत्येकीला म्हणतो, वा, असं कुठेच खाल्लं नाही. आकडा लिहून घेतो आणि पुढच्या घरी जातो.

तर आमची ही. ही इस्पितळाच्या स्वयंपाकघरात आहे. एकोणीस वर्षं! दोनशे माणसांचा स्वयंपाक, आणि त्यात मीठ नाही, तिखट नाही, तेल दाखवण्यापुरतं. डॉक्टरांचा कागद येतो, त्याप्रमाणे शिजवायचं. एकोणीस वर्षांत एका माणसानं, एका माणसानं हो, ताट परत पाठवताना "छान झालं होतं" म्हटलेलं नाही. कसं म्हणणार? एक तर बेशुद्धीत असतो नाही तर रागात. आणि हीच बाई घरी आली की असं काही रांधते की शेजारचे भिंतीला कान लावतात म्हणा, नाक लावतात म्हणा. हिचे गबदुले तुम्ही खाल्ले नाहीत, म्हणून तुम्ही असे शांत बसलाय. उकडलेला बटाटा, त्यात परतलेला कांदा, कणकेची जाड पारी, लसणाचा लाल रस्सा, आणि त्यात ते गोळे फुगून वर येतात, गबदुल बाळासारखे. म्हणून गबदुले. नाव हिनंच ठेवलं. पहिल्यांदा केले तेव्हा घरात बटाट्याशिवाय काहीच नव्हतं, हा त्यांचा इतिहास.

एक दिवस भाजी निवडता निवडता म्हणाली, "अहो, यंदा मेळ्यात मी स्टॉल लावू का?" मी म्हटलं, कशाला उगाच दगदग? तर मान खाली घालूनच म्हणाली, "मला एकदा बघायचंय, माणूस आपणहून मागून कसा खातो ते." आता सांगा, यावर तुम्ही नाही म्हणाल? मी दुसऱ्या दिवशी खिडकीसमोर उभा.

आणि तिथे हा रकानेदादा. आम्ही त्याला रकानेदादाच म्हणतो, कारण त्याच्या हातात पट्टी नसेल तर त्याला घास जात नाही. म्हणतो, "इथले असा रकाना नाही. इथले म्हणजे खाणारे. सगळेच इथले झाले तर खिलवणार कोण? आणि विविधता दाखवायची कोणाला?" मी म्हटलं, अरे बाबा, माझी आजी किनाऱ्यावरची, आजोबा नदीपलीकडचे, हिची आई बेटावरची आणि वडील कुठले ते त्यांनी कधी सांगितलंच नाही, आता यात मी काय लिहू? तर म्हणतो, "एकच लिहायचं. एका चौकोनात एकच मावतं." मी म्हटलं, मग राहू दे. तसा एकदम माझा हात धरला त्यानं! इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "डोंगरापलीकडचे लिही ना. तो चौकोन रिकामाच आहे रे. नकाशा छापून झालाय. बारावा रिकामा दिसला तर साहेब माझी सालं काढतील."

डोंगरापलीकडचे! मी आयुष्यात डोंगर चढलेलो नाही. दुसऱ्या मजल्यावरचं मीटर वाचायला गेलो तरी मला धाप लागते. पण डोळ्यांपुढे हिची खाली घातलेली मान आली, आणि लिहिलं. माझं काही म्हणणं नाही, पण एकदा खोटं लिहिलं की कागद तेवढ्यावर थांबत नाही. खाली दुसरा रकाना. "पदार्थाचा इतिहास, चार ओळींत." मी रकानेदादाकडे बघितलं, रकानेदादानं छताकडे बघितलं. मग लिहिलं, "पूर्वी डोंगरापलीकडचे मेंढपाळ थंडीत कळपामागे फिरत. त्यांच्या बायका त्यांच्या खिशात गरम गबदुले घालून देत. त्यामुळे हातही शेकत आणि पोटही भरे." चौथ्या ओळीला काही सुचेना, तर लिहिलं, "ही परंपरा फार जुनी आहे."

घरी येऊन हिला सांगितलं. मला वाटलं, ओरडेल. ती शांतपणे म्हणाली, "खिशात रस्सा कसा घालतील हो?" मी म्हटलं, तेवढं कोण विचारतंय! पण तिला रात्री झोप नाही. "कुणी खरंच तिकडचं आलं आणि म्हणालं, हे आमचं नाही, तर? सगळ्यांसमोर म्हणालं तर?" मी म्हटलं, अगं, तिकडचं कुणी या शहरात नाहीच, म्हणून तर चौकोन रिकामा. असं मी म्हटलं खरं, पण माझीही पाचावर धारण बसलेली.

मेळ्याचा दिवस उजाडला. आमच्या स्टॉलवर पाटी, "डोंगरापलीकडचे", खाली माझ्या चार ओळी रंगवून! दुपारपर्यंत रांग अशी वाढली की बेटावरच्यांच्या स्टॉलचं तोंडच बंद झालं आणि त्यांनी आमच्याशी तोंड उघडून भांडण काढलं. ही नुसती वाढतेय, कपाळावर घाम, डोळे रांगेवर. माणसं मागून मागून खातायत! एक बाई पुढे आली, दातांची डॉक्टरीण आहे, आमच्या खालच्या गल्लीत तिचा दवाखाना. एक गबदुला तोंडात टाकला आणि रडायलाच लागली. "माझी आजी अस्से करायची हो! मी पण डोंगरापलीकडचीच! खिशात घालून द्यायची मला शाळेत जाताना!" मी म्हटलं, खिशात? "हो, खिशात!" मी रुमाल दिला. मग तिच्या मागून बँकेतला एक, मग शिवणकाम करणाऱ्या दोघी बहिणी, मग एक आख्खं कुटुंब, सगळे डोंगरापलीकडचे, सगळ्यांच्या आज्या गबदुले करणाऱ्या! मला घाम फुटला. इतके दिवस ही माणसं होती कुठे?

तर पुढे कळलं ते आत्ताच सांगून टाकतो. मी कचेरीत जुनी नोंदवही काढून बघितली. शहरात डोंगरापलीकडची अडतीस घरं. अडतीसच्या अडतीस नोंदी एकाच हस्ताक्षरात! कुणाची शाळाप्रवेशाची, कुणाची घरपट्टीची, आणि जो जो खिडकीसमोर अडखळला, "माझं जरा मिश्र आहे हो" म्हणाला, त्याला त्याला रकानेदादानं डोंगरापलीकडे नेऊन सोडलेलं. तीस वर्षं! डॉक्टरीणबाईंची नोंद त्यांच्या पहिलीच्या प्रवेशाच्या दिवशीची. त्या बिचाऱ्या तेव्हापासून तिकडच्या. माझं काही म्हणणं नाही! पण आजी?

असो. तर रांगेच्या शेवटी घड्याळजी. बसथांब्यामागे खोपट्याएवढं त्यांचं दुकान, डोळ्याला भिंग, ऐंशी वय. माझं मनगटावरचं घड्याळ त्यांनीच तीनदा दुरुस्त केलंय. पाटी वाचली, चारही ओळी वाचल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "मी बाविसाव्या वर्षी तिकडून आलो. चालत." संपलं! हिच्या हातातला डाव तसाच हवेत. रांगेतले सगळे थांबले, डॉक्टरीणबाई तर दोन पावलं पुढे आल्या. हिनं वाटीत दोन गबदुले घातले, निम्मा रस्सा टेबलावर. घड्याळजींनी एक खाल्ला. सावकाश. दात कमी आहेत, वेळ लागला. म्हणाले, "असलं काही आमच्याकडे करत नाहीत."

ही पांढरीफटक पडली. मला वाटलं, त्या बाराही चौकोनांखालची जमीन दुभंगावी आणि मला पोटात घ्यावं. घड्याळजी म्हणाले, "आमच्याकडे बटाटा पिकतच नाही." दुसरा खाल्ला. मग वाटी पुढे केली आणि म्हणाले, "पण मीठ अगदी बेताचं पडलंय. अजून दोन घाल, मुली."

तुम्हाला सांगतो, हिनं वाढलं, आणि मग पाठ फिरवून पातेल्याचं झाकण उगाच दोनदा काढलं आणि दोनदा ठेवलं. एकोणीस वर्षं, हो. मीठ बेताचं पडलंय!

आता ही गोष्ट इथेच संपायला हवी की नाही? संपत नाही. मेळा उठला आणि आठवड्यात डॉक्टरीणबाई घरी हजर. "आपल्या समाजाचं मंडळ पाहिजे." आपल्या! अध्यक्ष कोण? तर ज्यांनी परंपरा जपली ते, म्हणजे मी. चिटणीस त्या. दर रविवारी आमच्या बाहेरच्या खोलीत बैठक, चपला जिन्यापर्यंत. ही सगळ्यांना गबदुले शिकवते, खूश असते, माझं काही म्हणणं नाही. पण दुसऱ्याच महिन्यात दोन तट! बँकवाल्याचं म्हणणं, अस्सल गबदुल्यात कांदा नसतो. शिवणकामवाल्या बहिणी म्हणतात, कांदा नाही तो गबदुला नाही, आमच्यात तर कांद्याशिवाय पान हलत नाही. आमच्यात! दोन्ही बाजू पुरावा म्हणून आपापली आजी काढतात, आणि निवाडा कोणी करायचा? मी.

आणि गेल्या रविवारी घड्याळजी आले. घरी एकटेच असतात, म्हणाले, पुढच्या मेळ्यात तुमच्या स्टॉलमागे खुर्ची टाकून बसू द्या, तेवढंच माणसांत. तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "स्टॉलमागे फक्त सभासद." बरं, सभासद करा. तर त्यांना विचारलं, "तुमच्या घरी गबदुले करायचे?" ते म्हणाले, "नाही. आम्ही जवाचं पीठ आंबट दुधात कालवून खायचो. बारा महिने. दुसरं काही मिळत नव्हतं, म्हणून तर इकडे आलो." सगळे एकमेकांकडे बघायला लागले. बँकवाला माझ्या कानाशी लागला, "अध्यक्ष, मला हा माणूस आपल्यातला वाटत नाही."

अर्धा तास चर्चा! घड्याळजींना आत बसवलेलं, ही त्यांना वाढतेय, आणि बाहेर ठराव चाललाय. मी म्हटलं, अहो, ते तिथे जन्मले आहेत! तर डॉक्टरीणबाई म्हणतात, "नुसतं जन्मून काय होतं? परंपरा माहीत नको?" शेवटी ठरलं की त्यांच्याकडून अर्ज घ्यायचा, आणि मूळचे तिकडचे आहेत असा अध्यक्षांचा दाखला जोडायचा. कागद माझ्यापुढे सरकवला. वर छापलेलं होतं, "मी, मूळ डोंगरापलीकडचा रहिवासी, खात्रीपूर्वक प्रमाणित करतो की सदर गृहस्थ अस्सल डोंगरापलीकडचे आहेत."

मी केली सही. घड्याळजी आतून आले, दाखला भिंगातून दोनदा वाचला, व्यवस्थित घडी घालून खिशात ठेवला आणि माझा हात हातात घेऊन म्हणाले, "फार उपकार झाले. तुमच्यासारखा तिकडचा माणूस होता, म्हणून माझं काम झालं."